पाणी पिणारं इंजन

२ मार्च २०२५, रविवार. शेलूबाजार

निघालो होतो नांदेडला, पोचलो शेलूबाजारला. जीप चहासाठी थांबली, मी एका टीनाच्या दुकानामागे मोकळा व्हायला गेलो आणि आतून आवाज आला. पूर्वी विहिरीवर असायचं तसलं ऑईल इंजन, एका सिलिंडरचं, दोन मोठ्या चाकांचं. त्याची धकधक मी झोपेतही ओळखतो. पण हे भलतंच बोलत होतं. धक्... फुस्स... मग थोडं गप्प. परत धक्... फुस्स...

डोकावलो. साठीचा एक माणूस, डोक्याला रुमाल, हातात पान्हा, इंजनकडे असा बघत होता की जणू ते आता त्याला नावाने हाक मारणार आहे. इंजनने हाक नाही मारली. धुराड्यातून पचकन काळं पाणी थुंकलं, अर्धं दोरीवरच्या पांढऱ्या धोतरावर, अर्धं माझ्या शर्टावर.

"कोन बे तू?"

"जीपमधला."

"जीप तं गेली."

खरंच गेली होती. बरं झालं, बॅग खांद्यालाच होती. माणसाचं नाव मदनसिंग राठोड. दुकान इंजनदुरुस्तीचं. मी विचारलं, इंजनात पाणी शिरलंय का? ते म्हणाले, "शिरलं नाई, मी पाजून राह्यलो." एवढं ऐकल्यावर कोण नांदेडला जाईल?

त्यांच्या बायकोने, चंदाबाईकाकूंनी, धोतराकडे बघून कपाळाला हात लावला, मला काकांचा जुना शर्ट दिला आणि जेवायला वाढलं. ही डायरीही त्यांचीच, कुठल्याशा बियाणेवाल्याने फुकट दिलेली. जानेवारी-फेब्रुवारीची पानं चुलीत गेलीत. उद्या सकाळी निघतो.

३ मार्च

निघालो नाही. नटबोल्ट गंजले होते, ते सोडवण्यात दिवस गेला. आईचा जऊळक्याहून फोन आला. ती कधीच कुठे आहेस, जेवलास का, असं विचारत नाही. तिचा एकच प्रश्न: "बॅग खुटीले लावली का?" दोन वर्षांत सुरत, गोवा, नाशिकची द्राक्षं, कुठूनही मी एकच उत्तर दिलंय. आजही तेच दिलं. नाही, खांद्यालाच आहे. चौदा एप्रिलला जयंतीला घरी ये म्हणाली. येतो म्हटलं.

५ मार्च

आता सगळं कळलं. विसरायच्या आत लिहून ठेवतो. आयटीआयला डिझेल मेकॅनिकला नाव घातलं होतं, इंजेक्टरच्या धड्यापर्यंत बसलोही, मग मित्र गोव्याला निघाले.

साधं इंजन चार ठोक्यांचं. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली जातो, हवा आत ओढतो. वर येतो, ती हवा दाबतो, इतकी की ती तापून लाल होते. त्यात डिझेलची चिळकांडी बसते, भडका उडतो, दट्ट्या खाली ढकलला जातो. हाच एक कमाईचा ठोका. चौथ्याला वर येऊन धूर बाहेर. चाकाचे दोन फेरे, कमाई एकदा.

काकांनी विचारलं, "मंग धुरासंगं काय जाते?"

"धूर."

"गरमी जाते बे! डिझेलच्या पैशातली निम्म्याहून जास्त गरमी धुराड्यातून आन् गार करायच्या टाकीतून हवेत. कोनाले दिली आपन ते? कावळ्याले?"

मग ते मला चुलीपाशी घेऊन गेले. काकू भाकरीआधी तव्यावर पाण्याचा शिपका मारत होत्या. चर्र झालं, थेंबाची वाफ झाली. "हे पाय," काका म्हणाले, "थेंब एवढासा, वाफ एवढी. हेच मी दट्ट्यावर करून राह्यलो."

म्हणजे धूर बाहेर गेला की नवी हवा घ्यायची नाही. तापलेल्या पोटात पाण्याची बारीक चिळकांडी मारायची. जुन्याच गरमीवर पाण्याची वाफ होते, वाफ फुगते, दट्ट्याला पुन्हा खाली ढकलते. पाचवा ठोका, तोही कमाईचा, आणि डिझेलशिवाय! सहाव्याला वाफ बाहेर. मग पहिल्यापासून सुरू. म्हणून धक् आणि फुस्स. धक् डिझेलचं, फुस्स पाण्याचं.

ही कल्पना जगात काकांच्या आधीही लोकांना सुचली आहे, हे त्यांनी मोबाईलवर पाहिलंय. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. "म्हंजे मी येडा नाई," एवढंच म्हणाले.

काकू चुलीपासून म्हणाल्या, "येड्याची गोष्ट येगळी. इथं धा वर्सांपासून माह्या तव्याचं नाव सांगून राह्यले लोकाईले."

८ मार्च

झडपा उघडायचा-मिटायचा जो दांडा असतो, तो साध्या इंजनात चाकाच्या दोन फेऱ्यांमागे एकदा फिरतो. आपल्याला तीन फेऱ्यांमागे एकदा हवा. काकांनी तसलं मोठं दातेरी चाक अकोल्याहून पाडून, म्हणजे लेथवर घडवून, आणलंय. धुराच्या झडपेला आता दोन उंचवटे, कारण ती दोनदा उघडायची, एकदा धुरासाठी, एकदा वाफेसाठी. थुंकी तिथूनच होती. दुसरा उंचवटा उशिरा उचलत होता. कानशीने घासून मी तो जरा आधी उचलायला लावला. संध्याकाळी काकांनी आपल्या पानातली अर्धी सुपारी मला दिली.

समोरच्या लिंबावर सुगरणीसारखा पक्षी घरटं बांधतोय. दुपारभर बघत बसलो. सुगरण नव्हे, दुसरंच काहीतरी आहे.

११ मार्च

आज इंजन मारलंच असतं मी. थंड इंजनाला हँडल मारलं, दोन ठोके बसले, आणि मी उत्साहात पाण्याची चावी सोडली. काका दुकानाच्या त्या टोकाहून ओरडत आले. "अबे पानी दबत नाई! हवा दबते, पानी दबत नाई! दट्ट्याखालचा दांडा वाकला असता ना आता!" थंड पोटात पाण्याची वाफ होत नाही, ते तसंच साचतं. आधी पोट तापू द्यायचं, मगच पाणी.

आणि झोपवताना उलटं. आधी पाणी बंद, थोडा वेळ कोरडं चालवायचं, मग इंजन बंद. नाहीतर ओल आत राहते, सकाळपर्यंत गंज. काकू म्हणतात, "लेकराचं तोंड पुसल्याशिवाय झोपवू नये, तसं."

मी एकदा विचारलंच, "काका, फायदा खरंच आहे का?" ते खोटं बोलत नाहीत. म्हणाले, भडका आता तीन फेऱ्यांत एकदा, म्हणून त्याच मापाच्या इंजनात जोर कमी, झटके जास्त. त्यासाठी ट्रॅक्टरचं वजन चाकाला बांधावं लागलं. पाणी दट्ट्याच्या अंगठ्यांच्या, म्हणजे रिंगांच्या, फटीतून खाली उतरतं, ऑईल चहासारखं होतं, लौकर बदलावं लागतं. तापलेल्या लोखंडावर गार पाणी म्हणजे इंजनाच्या डोक्याला तडा जायची भीती. वरून डिझेलचा धूर पेट्रोलच्या धुरापेक्षा थंडच, म्हणजे वाफेच्या वाट्याला गरमी थोडीच. "आन् फायदा?" "डिझेल कमी पिते, धूर कमी सोडते, अन् गार करायची टाकी लागत नाई, पोटातूनच गार राह्यते."

हिशेब मला अर्धा-अर्धा वाटला. काकांना नाही वाटला. त्यांना ते फुस्स ऐकायला आवडतं, मला वाटतं तेवढंच आहे.

१४ मार्च, धुळवड

दोन दिवस मानोऱ्याकडच्या त्यांच्या तांड्यावर होतो. होळी! बायका गोलात नाचत होत्या, म्हातारे लेंगी, त्यांची होळीची गाणी, म्हणत होते, मला कोणीतरी कधी ढकललं आणि मी कधी नाचू लागलो, आठवत नाही. पण लिहायचं ते वेगळंच आहे.

काकांचा मुलगा हेमसिंग चाकणहून आला. कंपनीत आहे. गाड्यांच्या इंजनांचे भाग बनवतात, आता त्यांच्याकडेही अर्धी लाईन बॅटरीच्या गाड्यांची झालीय. शर्ट इस्त्रीचा. मला विचारलं, "तू कोन भाऊ?" मी म्हटलं, "जीपमधला." तो हसला नाही.

रात्री जेवताना तो म्हणाला, "बापू, आता बस्स. फ्लॅट घेतला, दोन खोल्या तुमच्यासाठी. दुकानात गिऱ्हाईक नाई, विहिरीवर सगळ्याईच्या बिजलीच्या मोटारी. काहून बसले तुमी तिथं?"

काका भाकरी कुस्करत राहिले. मग म्हणाले, "इंजन चालू होऊ दे."

"धा वर्सांपासून चालू होऊन राह्यलं थे."

काकू मधे पडल्या. त्यांची दर वर्षी रामनवमीला पोहरादेवीच्या जत्रेत रसवंती असते, उसाच्या रसाचा चरक. त्या म्हणाल्या, "यंदा चरक याच्यावरच चालवून दाखवा ना. काय व्हायचं थे होऊन जाईन."

तिथेच ठरलं. रामनवमीला सकाळी सुरू झालेलं इंजन दिवे लागेपर्यंत चाललं, तर हेमसिंग चाकणचा विषय पुन्हा काढणार नाही. बंद पडलं, तर इंजन भंगारात, दुकानाला कुलूप, आणि दोघं चाकणला. काकांनी हातावर हात मारला. मला विचारलं, "तू हाय ना जत्रेपर्यंत?" मी म्हटलं, नांदेड काही पळून जात नाही.

१७ मार्च

चंदाबाईकाकू हुशार आहेत की योगायोग, कळत नाही. या इंजनाला जत्राच हवी! दुकानात मोकळं चालवलं की पोट थंड राहतं, पाण्याची वाफ नीट होत नाही. त्याला सारखा भार पाहिजे. आणि रामनवमीच्या दुपारी रसवंतीचा चरक कधी थांबतो?

काकांना गेले दोन दिवस चैन नाही. रात्री दुकानात जाऊन उगाच पान्हे पुसतात. मी म्हटलं, तिकडे फ्लॅटमध्ये लिफ्ट असेल, नळाला चोवीस तास पाणी असेल. ते म्हणाले, "हो ना. अन् मी काय खोलून पाहू तिथं? नळ?"

आज त्यांनी मला निळी कामाची विजार शिवून आणली. म्हटलं, जत्रेपर्यंतच तर आहे, कशाला? म्हणाले, "कापड सस्त होतं."

२३ मार्च

बोअरचं पाणी बंद केलं. त्यातला क्षार पाण्याच्या नोझलच्या बारीक भोकात पांढरा साचतो, जसा काकूंच्या पातेल्यात. आता फिल्टरवाल्याचं जारचं पाणी. पण तो जार लगेच परत मागतो, म्हणून काकूंनी आपला मोठा रांजण दिला. पाणी उंचावरून पंपाला उतरायला हवं म्हणून रांजण लोखंडी तिवईवर. काकूंनी त्याला ओलं गोणपाट गुंडाळलं, वर लाकडी झाकण, झाकणावर पितळी ओगराळं.

"काकू, इंजनला गार पाणी लागत नाही."

"रांजनाले गोनपाट नाई गुंडाळलं तं थो रांजन कायचा?"

नळीच्या तोंडाला मी बारीक मलमलची गाळणी बसवली. पान-काडी-कचरा काहीच जाणार नाही.

आज पहिल्यांदा सकाळपासून जेवणापर्यंत न थांबता चाललं. धक्, फुस्स. धक्, फुस्स. रस्त्यावरचे लोक थांबून ऐकत होते. एक जण म्हणाला, "याले दमा हाय का?" काका इतके खूश होते की त्यालाही चहा पाजला.

३० मार्च, पाडवा

काकूंनी गुढी इंजनाशेजारी उभारली. गाठी इंजनाच्या हँडलला. मला पुरणपोळी एवढी वाढली की दुपारी काही लिहिण्याच्या परिस्थितीत नव्हतो. आताही नाही.

५ एप्रिल, पोहरादेवी

पिकअपमध्ये इंजन, चरक, रांजण, उसाच्या मोळ्या आणि सगळ्यांत वर मी. बॅग पाठीला. हेमसिंगही सुट्टी टाकून आलाय. कडेला छान सावली मिळाली, रस्त्यालगतच. एका बाजूला भेळवाला, दुसऱ्या बाजूला मौत का कुंआ! फळ्यांच्या विहिरीत मोटरसायकली भिंतीवरून फिरतात. आवाज ऐकून सांगतो, त्यातल्या एकीची रिंग गेलीय.

रांजण कुठे ठेवायचा? इंजन मागे, म्हणून रांजण सावलीत पुढे, तिवईवर. माझं काम एकच: रांजण बघणे.

६ एप्रिल, रामनवमी. दुपार

उसाच्या ढिगाऱ्यावर बसून लिहितोय. सकाळी उजाडताच हँडल मारलं, पोट तापलं, पाणी सोडलं, आणि चाललंय! चरकाला काकूंनी घुंगरं बांधलीत. साध्या इंजनावर ती एकसारखी वाजतात. आमची वाजतात छुम्, छुमछुम्, मग दम घेतात. दर्शनाला चाललेले तांड्यांवरचे लोक त्यावर मान डोलावतात. हेमसिंग इस्त्रीच्या शर्टात गिलास धुतोय. दर थोड्या वेळाने इंजनकडे बघतो. काकाही बघतात. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत.

सकाळी एक म्हातारी आली, पाय धुळीने पांढरे, रंगूबाई नाव. अनवाणी चालत आली होती. रांजणापाशी थांबून ओगराळं उचललं, "पिऊ का रे बाळा?" आता काय म्हणायचं? इंजनचं आहे, पिऊ नको? असं तोंडातून कसं निघणार? म्हटलं, प्या आजी. ती गटागटा प्याली, "सुखी राह्य" म्हणाली. मागे उभा होता त्यानेही घेतलं. मग त्याच्या मागच्याने. थोड्या वेळाने बघतो तर रांग! फिल्टरवाल्याकडून आणखी जार आणून ओतले. हेमसिंग म्हणाला, "अबे, हे इंजनसाठी हाय." मी म्हटलं, "तुम्ही सांगा त्यांना." तो गेला, एका लेकुरवाळ्या बाईपुढे उभा राहिला, आणि तिलाच ओगराळं भरून देऊन परत आला.

इंजनला पाणी कमी पडत नाहीय, मग काय हरकत?

आताच रंगूबाई दर्शन घेऊन परत आली. झोळीतून काहीतरी काढून रांजणात सोडलं, ओगराळ्याने ढवळलं, हात जोडले. तुळशीची पानं असतील. गाळणी आहेच, अडकतील. मौत का कुंआमध्ये आता दोन मोटरसायकली एकदम सोडणार म्हणे. दोन मिनिटांत बघून येतो.

७ एप्रिल, सोमवार. पोहरादेवी

काल लिहिणं शक्यच नव्हतं. आता सावकाश लिहितो.

मौत का कुंआच्या फळ्यांवर उभा असतानाच वास आला. गूळ कढतोय तसला, गोड आणि करपट. वाटलं, कुठेतरी जिलेबी जळाली. मग आमच्या इंजनाचा आवाज ऐकला. धक्... धक्... फुस्स नाही. परत नाही. मी गर्दीतून पळत सुटलो.

काका पाण्याच्या नळीशी झटत होते. पाण्याचं नोझल बंद पडलं होतं. डिझेल चालू, त्यामुळे चाकं फिरत होती, चरक फिरत होता, घुंगरं वाजत होती. बाहेरून कोणाला काही कळलं नसतं. पण आमच्याकडे गार करायची टाकी नव्हती, पाणीच त्याला पोटातून गार ठेवत होतं. आता पाणी नाही म्हणजे ताप चढणार. डोक्यावरचा रंग भाजल्याचा वास यायला लागला.

दिवे लागायला वेळ होता, पण फार नाही. मी म्हटलं, "काका, भार काढू. नुसतं फिरू द्या. चाकं फिरली म्हणजे चालू आहे! अट तेवढीच आहे."

काकांनी सिलिंडरजवळ हात नेला, मागे घेतला. पुन्हा नेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, हेमसिंगकडे नाही बघितलं. "ताप आलेल्या मानसाले पळवत नाई कोनी," म्हणाले, आणि हाताने डिझेल तोडलं.

चाकं बराच वेळ फिरत राहिली. मग घुंगरं थांबली.

रांगेतले लोक ओरडले, "काय झालं?" काकूंनी एक क्षण पदर तोंडाला लावला आणि लगेच काढला. "काई नाई झालं! हाय का नाई दंडात जोर? चरकाले हात लावा, त्याले रस फुकट!" आणि चार पोट्टे चरकाला भिडले. रस थांबला नाही.

काका उसाच्या मोळीवर बसले. "हेम, तू जितला."

हेमसिंगने शर्टाच्या बाह्या वर केल्या. "पयले नोझल खोला. कायनं बंद पडलं थे तं पाहू द्या."

मी म्हटलं, गरम आहे. त्याने ऐकलं नाही. फडक्यात धरून नोझल काढलं, उजेडात बघितलं, नाकाशी नेलं. मग जिभेला लावलं.

"बापू, हे गोड हाय."

"काय?"

"गोड! अन्... लिंबू?"

तेवढ्यात रांजणापाशी बसलेली रंगूबाई उभी राहिली. "मीच टाकली ना साखर! एवढं गार पानी पाजून राह्यले तुमी गरिबाले, म्हटलं आपलाही हात लागला पाहिजे. लिंबं बी पिळली. कमी पडली का बाबू?"

मी गाळणीकडे बघितलं. गाळणीत पान अडकतं, काडी अडकते. विरघळलेली साखर कशाला अडकेल? तापलेल्या नोझलच्या भोकात तिचा पाक झाला होता, पाकाची कडक चिक्की. आधी काकू हसायला लागल्या. मग भेळवाला. मग मी, चूक माझीच असूनही. काकांना हसू येत नव्हतं, येत नव्हतं, आणि मग इतकं आलं की डोळे पुसावे लागले. "धा वर्सं डिझेल पाजलं, पानी पाजलं. शरबत नव्हतं पाजलं."

उपाय सोपाच होता, साखर गरम पाण्यात विरघळते. हेमसिंगने भेळवाल्याच्या शेगडीवर पाणी ठेवलं, नोझल उकळलं, बारीक तारेने भोक मोकळं केलं. काका नुसते दिव्यासारखा मोबाईल धरून उभे. मधेच म्हणाले, "तार तिरपी नको घालू, भोक मोठं होईन." हेमसिंग म्हणाला, "मले शिकवू नका, लहानपनी कोनी शिकवलं थे मले?" आणि काकांनी मोबाईल आणखी जवळ धरला.

मग स्वच्छ पाणी हवं. रांजण शरबताचा. फिल्टरवाला गर्दीत कुठे अडकलेला. रंगूबाईला काय झालं ते कळलं तेव्हा ती एकदम रस्त्यावर उभी राहिली. "अवो, सकाळपासून इथलं पानी पेलं का नाई तुमी? आता त्या इंजनाले द्या घोट घोट!" लोक हसले, आणि बाटल्या पुढे आल्या. पॅकबंद पाणी, फिल्टरचंच, चालणार होतं. भेळवाल्याने रिकामा जार दिला, त्यात कोणी अर्धी बाटली, कोणी घोटभर. जार उंचावर टांगायला काही मिळेना. मी माझ्या बॅगचा पट्टा काढला, जारच्या मानेला आणि मांडवाच्या बल्लीला बांधला. मजबूत पट्टा आहे, सुरतहून घेतलेला.

इंजन निवलं होतं. हँडल हेमसिंगने मारलं. धक्. धक्. धक्. पोट तापेपर्यंत सगळे वाट बघत होते, त्यात निम्म्यांना कशाची ते माहीत नव्हतं. मग काकांनी चावी सोडली.

फुस्स.

अशी आरोळी उठली की मौत का कुंआवाला बाहेर बघायला आला.

जत्रेतले दिवे लागले तरी ते चालत होतं. काकांनी शेवटी स्वतःच पाणी बंद केलं, कोरडं चालवलं, तोंड पुसून झोपवलं. मग सरळ मुलासमोर उभे राहिले. "बंद पडलं होतं. शबुद म्हंजे शबुद. भंगारवाल्याले कधी सांगतो?"

हेमसिंग गिलास विसळत होता. "इंजन कुठं बंद पडलं? इंजन तं तुमी बंद केलं. अन् अट इंजनची होती, पानपोईची नाई." गिलास उपडा ठेवून म्हणाला, "त्या रांजनाले झाकन बेक्कार हाय. मी तिकून स्टीलचं पाडून आनतो, कुलपाचं. दिवाळीले."

काकूंनी त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं. काळं, चिकट, पाकाचं. "काढ इकडे. धुते."

९ एप्रिल. शेलूबाजार

हेमसिंग गेला. जाताना मला म्हणाला, "जीपमधल्या, नोझलचा फोटो टाकत जा रविवारी." आता मलाच तो फोन करतो, काकांना नाही. पण बोलणं सगळं इंजनाचंच असतं आणि काका शेजारी उभे राहून मोठ्याने उत्तरं देतात.

जार आता दुकानाच्या आडव्या लाकडाला टांगलाय, त्याच पट्ट्याने. रांजण दाराबाहेर, गोणपाट, झाकण, ओगराळं सगळं तसंच. तो आता जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी. रोज सकाळी मीच भरतो, दुसरं कोण भरणार?

१४ एप्रिल, सोमवार. जऊळका

जयंती! सकाळपासून निळं निळं. बुद्धवंदना झाली, मिरवणुकीत जनरेटर बंद पडला, तो मी नुसत्या कानाने सुरू केला, म्हणजे कानाने रोग ओळखून. पण आधी कालचं लिहितो.

काल संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा आई दारातच होती. जयभीम केला. तिने माझ्या खांद्याकडे बघितलं, मग हाताकडे. हातात कापडी थैली, तीत कपडे.

"बॅग कुठाय रे?"

"शेलूबाजारले. दुकानात."

"खाली पडली का खुटीले लावली?"

"खुटीलेच. तिचा पट्टा इंजनच्या जारले लागला ना. काढला का जार खाली, अन् इंजन बंद."

आई हसली. इतकी काय हसली, कळलं नाही. पुढे काहीच विचारलं नाही, नांदेडचंही नाही. मी स्वतःच सांगितलं की नवा पट्टा मिळाला की निघतोच, तेवढं पाण्याच्या पंपाचं एक काम आहे, आणि दिवाळीला झाकण बसवायचंय.

उद्या सकाळच्या जीपने परत जातो. आईने आत्ता थैलीत माझी जुनी चादर आणि उशीचा अभ्रा टाकला. म्हटलं, "चार दिवसांचं काम हाय, कायले एवढं ओझं?"

म्हणाली, "असू दे."

तिकडे डास असतील असं वाटलं असेल तिला.